सार्वजनिक कामांतील खरेदी आणि कंत्राटें

घरची गृहिणी बाजारांत जाऊन तांदूळ घेते तेव्हां काय हवें तें ठरविणारी तीच, पारखून घेणारी तीच, पैसे मोजणारी तीच आणि शेवटीं शिजवून वाढणारीहि तीच असते. तांदळांत खडे निघाले तर त्याची झळ तिलाच लागते आणि पुढच्या खेपेस ती दुकान बदलते. अशा व्यवहाराला नियमांची गरज नसते. ज्याचा त्याचा स्वार्थ हाच तेथें पहारेकरी असतो. सार्वजनिक कामांत मात्र ही स्थिति बदलते. गृहनिर्माण संस्थेची इमारत दुरुस्त करावयाची असो, वाचनालयावर मजला चढवावयाचा असो, अथवा शाळेसाठीं बाकें घ्यावयाचीं असोत. पैसा शंभर जणांचा, निर्णय सात-आठ जणांचा, माल ताब्यांत घेणारा एखादाच आणि तो वापरणारे भलतेच. देणारा, घेणारा आणि भोगणारा हे जेथें निराळे झाले तेथून स्वार्थाचा पहारा उठला असें समजावें. त्याच्या जागीं दुसरा पहारा बसवावा लागतो. खरेदीची रीत आणि कंत्राटाचा कागद हा तो दुसरा पहारा होय.

हा पहारा बसवितांना पहिली आडवी येते ती भीड. ‘आपण सारे एका आवारांतले, आपल्यांत कागद कशाला?’ असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. चिटणीस सज्जन असतो, ओळखीच्या कंत्राटदाराला तो तोंडी काम सांगतो, कंत्राटदारहि बहुधा वाईट नसतो. काम होतें, पैसे दिले जातात आणि पहिल्याच पावसांत गच्ची गळते. मग काय ठरलें होतें याविषयीं पांच माणसें पांच गोष्टी सांगूं लागतात. जिन्यांत कुजबुज सुरू होते. चिटणीसानें एक पैसाहि खाल्लेला नसतो, पण तें सिद्ध करण्यास त्याच्यापाशीं कागद नसतो. तो राजीनामा देतो आणि पुढें त्या जागेवर बसण्यास दुसरा शहाणा माणूस तयार होत नाहीं. खरेदीचे नियम अप्रामाणिकाला पकडण्यासाठीं असतात असा समज आहे. तो खोटा नाहीं. परंतु त्यांचा मोठा उपयोग प्रामाणिक माणसाला संशयापासून वांचविण्याकडे होतो, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे भीड गळून पडते.

हा प्रश्न आजचाहि नाहीं. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजद्रव्याच्या अपहाराचे ४० प्रकार मोजले आहेत. त्यांत किंमतीची आणि मापाची लबाडीहि आहे. साधनें बदललीं तरी वाटा फारशा बदललेल्या नाहींत. म्हणून त्या रोखण्याचे उपायहि साधे आणि जुनेच आहेत.

पहिला उपाय हा कीं, बाजारांत पाऊल टाकण्यापूर्वीं गरज लिहून काढावी. इमारतीच्या दुरुस्तीचें उदाहरण घेऊं, कारण शहरांतील बहुतेक कुटुंबांचा सार्वजनिक खर्चाशीं संबंध येतो तो येथेंच. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीं जे आदर्श उपविधि आहेत त्यांत १५ ते ३० वर्षें वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी ५ वर्षांतून एकदां आणि ३० वर्षांवरील इमारतीची ३ वर्षांतून एकदां करावी असें सांगितलें आहे. या तपासणीचें महत्त्व पुष्कळांना कळत नाहीं. भिंतीवर दिसणारी भेग हें रोगाचें चिन्ह आहे. रोग आंतील सळईंत असतो. पाणी मुरून सळई गंजली म्हणजे गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनहि अधिक होतें, आणि तो गंज भोंवतालचें काँक्रीट आंतून फोडतो. हें न तपासतां वरून गिलावा आणि रंग यांचे दर मागविणें म्हणजे वैद्याला न दाखवितां औषधांच्या बाटल्यांची घासाघीस करणें होय.

तपासणी करणाऱ्या इंजिनियरकडून कामांची यादी आणि प्रत्येकाचें अंदाजी परिमाण घ्यावें. यादींतील भाषा अशी हवी कीं तिच्यावरून मोजतां आलें पाहिजे. ‘चांगल्या प्रतीचा गिलावा’ या शब्दांना व्यवहारांत अर्थ नाहीं. गिलाव्याची जाडी किती, थर किती, सिमेंट-वाळूचें प्रमाण काय आणि त्यावर पाणी किती दिवस मारावयाचें, हें लिहिलें म्हणजे अर्थ येतो. येथेंच एक सावधगिरी हवी. ज्यानें यादी केली आणि जो पुढें कामावर देखरेख ठेवणार, त्याचा काम घेणाऱ्या कंत्राटदाराशीं कसलाहि आर्थिक संबंध असूं नये. हें अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढें ठेवून खर्चाची मर्यादा आणि पैसा कोठून उभा करावयाचा याचा ठराव करून घ्यावा. काम अर्धें झाल्यावर पैशासाठीं सभा बोलावणाऱ्या संस्थेची घासाघीस करण्याची शक्ति तेव्हांच संपलेली असते.

यानंतर निविदा, म्हणजे ज्यांस आपण टेंडरें म्हणतों तीं, मागवावयाचीं. सर्वांना एकच यादी, एकच मुदत आणि एकच अटी द्याव्या. एकानें शंका विचारली तर तिचें उत्तर सर्वांना लेखी कळवावें. पाकिटें मोहोरबंद घ्यावीं आणि ठरलेल्या वेळीं, ज्यांना यावयाचें असेल त्या सभासदांच्या व निविदाकारांच्या समक्ष उघडून प्रत्येक पानावर दोघातिघांनीं सही करावी. मोठ्या कामांत दोन पाकिटांची रीत आहे. पहिल्यांत कंत्राटदाराचा अनुभव, पूर्वीं केलेल्या कामांचीं ठिकाणें आणि कराच्या नोंदणीचे कागद, दुसऱ्यांत दर. पहिल्या कसोटीस जे उतरतील त्यांचेंच दुसरें पाकीट उघडावयाचें. त्यामुळें कमी दराच्या मोहानें अपात्र माणूस पदरीं पडत नाहीं. पूर्वींच्या कामांची यादी मिळाली म्हणजे तिच्यावर विसंबून न राहतां समितीच्या दोन माणसांनीं त्या इमारतींना भेट द्यावी आणि शेवटच्या मजल्यावरील बिऱ्हाडास एकच प्रश्न विचारावा: पावसांत छत कसें असतें?

‘तीन दरपत्रकें घ्यावीं’ हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तो पाळल्याचें सोंगहि सर्वांना ठाऊक असतें. एकच कंत्राटदार आपलें पत्रक देतो आणि सोबत आपल्या दोन स्नेह्यांचीं चढ्या दराचीं पत्रकेंहि आणून देतो. तिन्हींत शब्दांच्या त्याच चुका आणि बाबींचा तोच क्रम असला, अथवा प्रत्येक दर पहिल्यापेक्षां सारख्याच प्रमाणांत वाढलेला असला, तर काय घडलें तें उघड आहे. २००२ सालच्या स्पर्धा कायद्यानें असें संगनमत निषिद्ध मानलें आहे. सोपा प्रतिकार म्हणजे निविदा मागविण्याचें पत्र संस्थेनें स्वतः, निरनिराळ्या मार्गांनीं शोधलेल्या पांच-सहा कंत्राटदारांना पाठवावें. समितीच्या एखाद्या सभासदाचा नातलग बोली लावीत असेल तर त्या सभासदानें तें अगोदर सांगून त्या निर्णयांतून बाहेर राहावें, आणि तशी नोंद इतिवृत्तांत व्हावी. समितीच्या सभासदाचे स्वतःचे हितसंबंध संस्थेच्या कंत्राटांत असूं नयेत, असा तर आदर्श उपविधींचाच दंडक आहे.

आतां निविदांची तुलना. सर्वांत खालची बेरीज ती सर्वांत स्वस्त, असें मानण्यांत केवढी फसगत होऊं शकते हें एका कल्पित हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, यादींत दोनच बाबी आहेत: १०,००० चौरस फूट गिलावा आणि ५०० चौरस फूट खराब काँक्रीटची दुरुस्ती. पहिला कंत्राटदार गिलाव्यास चौरस फुटास ९० रुपये आणि काँक्रीटला ४०० रुपये मागतो. त्याची बेरीज ११,००,००० रुपये होते. दुसरा गिलाव्यास ७५ आणि काँक्रीटला ६५० मागतो. त्याची बेरीज १०,७५,००० रुपये. दुसरा २५,००० रुपयांनीं स्वस्त ठरतो आणि काम त्याला मिळतें. जुना गिलावा काढल्यावर मात्र असें दिसतें कीं खराब काँक्रीट ५०० नव्हे, २,००० चौरस फूट आहे. आतां पहिल्याच्या दरानें काम १७,००,००० रुपयांत झालें असतें. दुसऱ्याच्या दरानें तें २०,५०,००० रुपयांवर जातें. कागदावर वाचलेल्या पंचवीस हजारांपायीं संस्थेचे साडेतीन लाख गेले.

यांत दुसऱ्यानें कायदा मोडला असें नाहीं. जुन्या इमारतींत आंतला बिघाड अंदाजापेक्षां जास्त निघतो हें त्यानें अनुभवानें ओळखलें आणि जी बाब वाढणार तिचा दर चढा, जी वाढणार नाहीं तिचा उतरता ठेवला. संस्थेनेंहि तेवढाच हिशेब करावयास हवा होता. गिलाव्यांत दुसरा १,५०,००० रुपये वाचवितो आणि काँक्रीटच्या प्रत्येक चौरस फुटामागें २५० रुपये अधिक घेतो; म्हणजे काँक्रीट ६०० चौरस फुटांच्या आंत राहिलें तरच तो स्वस्त. ५०० चा अंदाज ६०० वर जाण्यास कितीसा वेळ लागतो? म्हणून जी बाब अनिश्चित आहे तिचें परिमाण दीडपट, दुप्पट आणि चौपट धरून प्रत्येक निविदेची बेरीज पुन्हां करून पाहावी. निविदा मागविण्यापूर्वीं निरनिराळ्या दिशांच्या भिंतींवरील गिलावा चार-सहा ठिकाणीं काढून आंतील स्थिति पाहिली तर अंदाजच खरा होतो. आणि कोणत्याहि बाबीचें परिमाण ठराविक मर्यादेपलीकडे, उदाहरणार्थ शेंकडा २५ हून अधिक, वाढल्यास त्या वाढीव भागाचा दर पुन्हां ठरेल, असें कलम करारांत घालावें. तसेंच १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तु व सेवा कर दरांत धरला आहे कीं वेगळा द्यावयाचा आहे, हेंहि तुलनेपूर्वीं विचारून घ्यावें. नाहींतर दोन न जुळणाऱ्या आंकड्यांची तुलना होते.

कंत्राटदार ठरला म्हणजे करार. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानें तोंडी करार निरर्थक मानलेला नाहीं. परंतु तो सिद्ध कसा करावयाचा हीच अडचण असते. लेखी करारांत कामाची यादी व दर, सुरू करण्याचा व संपविण्याचा दिवस, पैशाचे हप्ते, मजुरांचा विमा, काम अर्धवट टाकल्यास संस्थेनें काय करावें आणि वाद झाल्यास तो कोणी सोडवावा, इतक्या गोष्टी निःसंदिग्ध असाव्या. मजुरांच्या विम्याकडे दुर्लक्ष होतें. पण परांचीवरून माणूस पडला तर कंत्राटदाराबरोबर काम करवून घेणाऱ्या संस्थेवरहि दायित्व येऊं शकतें, आणि कायदा बाजूस ठेवला तरी एका कुटुंबाचा आधार जाण्याचा तो प्रश्न असतो.

दंडाच्या कलमाविषयीं एक गैरसमज आहे. ‘रोज इतके हजार दंड’ असें लिहिलें कीं आपण सुरक्षित झालों, असें समित्यांना वाटतें. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें करारांत लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आंत राहून वाजवी तेवढीच भरपाई देतें. म्हणून भीति घालणाऱ्या आंकड्यापेक्षां हातांत राखलेली रक्कम अधिक कामाची. प्रत्येक बिलांतून साधारणतः शेंकडा ५ रक्कम अनामत म्हणून मागें ठेवावी आणि ती काम संपतांच न देतां दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर द्यावी. गच्चीच्या कामांत ही मुदत महिन्यांवर मोजण्यापेक्षां निदान एक पूर्ण पावसाळा पार पडेल अशी ठेवणें शहाणपणाचें. शेवटचें बिल देण्यापूर्वीं गच्चीवर बांध घालून दोन-तीन दिवस पाणी सांचवून पाहावें. या परीक्षेची अट करारांतच असली म्हणजे तक्रारीस जागा राहत नाहीं. कामाआधीं मोठी रक्कम आगाऊ देऊं नये. द्यावीच लागली तर तितक्या रकमेची बँकेची हमी घ्यावी.

येथवर जें सांगितलें तें पुष्कळ संस्था करितात. पाणी मुरतें तें पुढें, माल उतरतांना आणि काम मोजतांना. आपल्याकडे वाळू व खडी ब्रासवर मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. समजा, वाळूचा ट्रक आला. त्याचा हौदा १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि वाळू ३ फूट उंच भरलेली. गुणाकार २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. चलनावर मात्र तीन ब्रास लिहिलेले असतात. शिवाय वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते. ओलाव्यामुळें कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तिचें आकारमान शेंकडा २५ पर्यंत, बारीक वाळूचें त्याहूनहि अधिक, वाढूं शकतें. तेव्हां त्या अडीच ब्रासांत खरी वाळू दोनच ब्रास असूं शकते. हें ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. कांचेच्या बरणींत ओलसर वाळू भरून उंची पाहावी, मग वाळू पूर्ण बुडेल इतकें पाणी घालून ढवळावी. ती खालीं बसते आणि कितीनें बसली तो फुगवटा.

लोखंडाच्या सळईचेंहि तसेंच. व्यास मिलिमीटरमध्यें घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ नें भागावें. येणारी संख्या म्हणजे १ मीटर सळईचें किलोग्रॅममधील वजन. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारें ०.८९ किलोग्रॅम भरते, म्हणजे १२ मीटर लांबीची एक सळई १०.६७ किलोग्रॅम. सळया मोजून केलेला हिशेब आणि वजनकाट्याची पावती यांत मोठें अंतर पडलें तर माल परत पाठवावा. सिमेंटचें पोतें ५० किलोग्रॅमचें असतें आणि तें भरल्याचा काळ पोत्यावर छापलेला असतो. तीन महिन्यांहून जुनें सिमेंट ओलसर हवेनें बरेंच बल गमावतें, म्हणून तें पुन्हां तपासल्याखेरीज वापरूं नये. हीं सारीं गणितें शाळेंत शिकलेलीं आहेत. आवारांतील एखादी विद्यार्थिनीहि फीत व पेन्सिल घेऊन हा हिशेब करूं शकेल. मोठ्यांना आडवा येतो तो संकोच.

झालेल्या कामाचेंहि मोजमाप हवें. सरकारी बांधकाम खात्यांत मोजमाप पुस्तिका नांवाची वही असते. पानांना क्रमांक असतात आणि बिल त्या वहीवरूनच तयार होतें. संस्थेनेंहि अशीच एक शिवलेली वही ठेवावी. जें पुढें झांकलें जाणार, जसें गिलाव्याखालील सळई, तें झांकण्यापूर्वींच मोजून इंजिनियर आणि कंत्राटदार या दोघांनीं सही करावी व तारखेसह छायाचित्र ठेवावें. या सर्व व्यवस्थेचें सार एका नियमांत सांगतां येतें: दर ठरविणारा, माल वा काम मोजून घेणारा आणि पैसे देणारा, हे तीन हात निराळे असावे. तिघांच्या सह्या जुळल्याखेरीज बिल पुढें जाऊं नये. एकटा माणूस चुकूं शकतो, मोहांत पडूं शकतो, किंवा नुसता दमूंहि शकतो. तिघांनीं एकाच वेळीं तसें होण्याचा संभव फार थोडा.

पहारा म्हटला कीं तो कंत्राटदारावरच असावयाचा, असा अर्थ मात्र कोणी करूं नये. करार दोन्ही बाजूंना बांधतो. मोजमाप झालें, दोष निघाला नाहीं, तर ठरल्या दिवशीं पैसे गेलेच पाहिजेत. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानें लहान उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे व सेवेचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे असें बंधन घातलें आहे, आणि उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें मासिक चक्रवाढ व्याजाची तरतूद केली आहे. लहान कंत्राटदार मजुरांचे पगार आठवड्याला देतो. संस्थेनें बिल तीन महिने अडकविलें तर तो एक तर मालांत हात आंखडतो किंवा काम टाकून जातो. आणि पैसे बुडविणारी म्हणून ज्या संस्थेचें नांव झालें, तिला पुढच्या वेळीं चांगले कंत्राटदार दर देत नाहींत. जे देतात ते उशिराची किंमत आधींच दरांत मिळवितात.

शेवटीं काम पुरें झाल्यावर मूळ अंदाज, मंजूर निविदा, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि वाढीचें कारण, अशा चार रकान्यांचा तक्ता सूचनाफलकावर लावावा आणि तोच वार्षिक सभेपुढें ठेवावा. निविदा, इतिवृत्तें, मोजमापाची वही आणि चलनें एका बांधणींत नव्या समितीच्या हवालीं करावीं. पांच वर्षांनीं पुन्हां दुरुस्ती निघेल तेव्हां तेंच तिचें पहिलें पाठ्यपुस्तक ठरेल. काम नीट झालें कीं नाहीं याची परीक्षा पाऊस करितो. व्यवहार नीट झाला कीं नाहीं याची परीक्षा पुढच्या निवडणुकीच्या दिवशीं होते: चिटणीसाच्या जागेसाठीं नांव विचारलें असतां सभेंतील चांगलीं माणसें माना खालीं घालतात, कीं एखादा हात वर होतो.